यवतेश्वरच्या उतारासाठी तीन फ्रेंच ब्रेक

माझं सांगलीत चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर मी समोर बसलेल्या माणसाला एकच प्रश्न विचारत असतो. डोळ्यापुढे एक भिंग लावायचं, ते काढून दुसरं लावायचं आणि विचारायचं, "आता बरं दिसतंय, की मघाशी?" माणसं गोंधळतात. काहींना ती परीक्षा वाटते आणि ती मला आवडेल असं उत्तर शोधायला लागतात. मग मी सांगतो, "मला बरं वाटावं म्हणून बोलू नका. तुम्हाला जे दिसतंय तेवढंच सांगा."

गेल्या हिवाळ्यात मी स्वतः असं खोटं उत्तर दिलं. दिलं ते माझ्या सख्ख्या थोरल्या भावाला, आणि प्रश्न सायकलच्या ब्रेकचा होता.

दादा फौजेतून सुभेदार होऊन घरी आला, त्याला आता बरीच वर्षं झाली. साताऱ्याजवळच्या आमच्या गावी तो राहतो, ऊस बघतो आणि सायकल चालवतो. बर्फातल्या एका चौकीवर थंडीनं त्याच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं कायमची ताठली. मूठ वळली तरी ती दोन तशीच पुढं रोखलेली राहतात, पिस्तुलासारखी. तो त्याची चेष्टा करतो. मला ती करता येत नाही. दादाचा हात बघितला की मला माझ्या मऊ, चष्म्याच्या काचा पुसणाऱ्या हातांची लाज वाटते. यात माझी काही चूक नाही हे मला कळतं. कळून लाज कमी होत नाही, एवढंच.

त्याची सायकल फ्रेंच आहे. दक्षिणेत नेमणूक असताना त्यानं ती पाँडिचेरीत घेतली. एक म्हातारा फ्रेंच मास्तर घर आवरून मायदेशी निघाला होता, त्याच्या अंगणातून. हिरवी, बारीक नळ्यांची, खाली वळलेल्या हँडलची. बरोबर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा मिळाला. त्यात ब्रेकचे आणखी दोन जोड होते. सायकलवर लावलेला एक धरला तर तीन. तिन्ही फ्रेंच, तिन्ही जुने, आणि तिन्ही वेगळ्या घडणीचे.

साताऱ्यात दादाच्या वयाच्या मंडळींचा एक सायकलवाल्यांचा कंपू आहे. मास्तर, फौजी, एक निवृत्त कंडक्टर, एक डॉक्टर. थंडीत एका रविवारी सगळे यवतेश्वरचा घाट चढतात, वर पठारावर पिठलं-भाकरी खातात आणि घाट उतरून खालच्या टपरीवर चहा पितात. मागून एक टेम्पो असतो. ज्याचं पायडल तुटलं, ज्याला धाप लागली, त्यानं टेम्पोत बसायचं. आणि टेम्पोत बसणाऱ्यानं सगळ्यांचे स्वेटर सांभाळायचे, असा त्यांचा रिवाज आहे. चढताना अंग तापतं म्हणून सगळे स्वेटर काढून टेम्पोत टाकतात. उतरून आल्यावर टेम्पोतल्या माणसानं ज्याचा त्याला द्यायचा.

दादा दर वर्षी घाट सगळ्यांच्या पुढं चढायचा. आणि दर वर्षी उतरताना टेम्पोत बसायचा. सायकल आडवी टाकलेली, मांडीवर स्वेटरांचा ढीग. उजव्या हातानं ब्रेक दबत नाही, मग घाट कसा उतरणार? टपरीवर ठरलेला कालवा व्हायचा.

"आलं, आलं, लाँड्रीवालं आलं!"

"सुभेदार, माझा निळा. इस्त्री केली का?"

"चढाला वाघ आणि उताराला गठुडं, असं कसं हो साहेब?"

दादा हसून स्वेटर वाटायचा. एका वर्षी मी तिथं होतो. त्याचं हसणं मी जवळून पाहिलं, आणि चहाचा ग्लास तसाच बाकड्यावर ठेवला.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर त्याचा फोन आला.

"बारक्या, ऐक. औंदा मी घाटानं खाली सायकलवरनं येणार."

मी पन्नाशी ओलांडली आहे, पण दादासाठी मी बारक्याच.

"दादा, हाताचं काय?"

"हाताचं मी बघतो. तू बिरेकचं बघ. तीन जोड हायती. त्यातला कुठला धरतोय ते तू ठरीव. तुझा धंदाच हाय त्यो, ह्ये बरं का त्ये बरं."

"आणि एकही नाही धरला तर?"

"तर ही सायकल मी कुणाला तरी देऊन टाकतो. दर साली टेम्पोतनं आणायला ती काय म्हस हाय?"

हे तो चेष्टेत म्हणाला नाही. वहिनी गेल्यापासून रोज सकाळी ती सायकल बाहेर काढणं हेच त्याचं उठण्याचं कारण होतं. सायकल गेली तर तो काय करेल हे मला नीट माहीत होतं. ओट्यावर बसेल.

सायकल ओळखीच्या एका टेम्पोतून कराडमार्गे सांगलीला आली. डबा दोरीनं मागं बांधलेला. मी दुकानाच्या मागच्या खोलीत जुनी चादर अंथरली आणि तिन्ही जोड त्यावर मांडले.

पहिला जोड एका बाजूनं ओढणारा. दोन्ही चिमटे एकाच खिळ्यावर बसवलेले आणि केबल एका अंगाला लावलेली. हलका, देखणा, चांदीसारखी चकाकी. दुसरा मधून ओढणारा. त्यात प्रत्येक हाताला स्वतःचा वेगळा खिळा, आणि दोन्ही हातांना जोडणारी एक आखूड तार. वरून येणारी केबल त्या तारेला मधोमध धरून वर खेचते, तेव्हा तिचा तंबूसारखा त्रिकोण होतो आणि दोन्ही रबरं एकाच वेळी रिमवर बसतात. हाच सायकलवर लावलेला होता. तिसराही मधूनच ओढणारा, पण त्याचे हात लांब, जाड टायरांच्या प्रवासी सायकलींसाठी केलेले. त्याला आमच्या रिमवर आणायचं तर रबर खाचेत अगदी वर सरकवावं लागत होतं, आणि दुसऱ्या जोडाचं अगदी तळाला.

मला ते काम करताना फार आनंद झाला, हे लपवत नाही. चष्म्याच्या बिजागरीचे स्क्रू फिरवणाऱ्या माणसाला असं काही हातात मिळालं की तो जेवण विसरतो. प्रत्येक खिळा मी रॉकेलमध्ये भिजवला, ब्रशनं घासला. तो फ्रेंच मास्तर मोठा नीटनेटका असावा, कारण एकही वायसर हरवलेला नव्हता. बायको दारात उभी राहून म्हणाली, "अहो, गिऱ्हाईक येऊन बसलंय. त्याला सांगू का, डॉक्टरांचं ऑपरेशन चालू आहे म्हणून?"

माझी बायको मिरजेत गाण्याचा वर्ग घेते. तिचा कान पक्का आहे आणि जीभही.

आता एक गोष्ट सांगायची, ती मी केली तेव्हा मला मोठी शहाणपणाची वाटली. दादाच्या सायकलचा पुढच्या चाकाचा ब्रेक डाव्या हाताला होता आणि मागचा उजव्या हाताला. आपल्याकडं उलटं असतं. लहानपणी आम्ही काळ्या दणकट सायकलींवर शिकलो, त्यांचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला, मागचा डाव्या. आणि शिकवताना आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, आणि सगळ्यांनीच एकच बजावलेलं, 'पुढचा दाबू नको, तोंडावर पडशील.' ती भीती आमच्या पिढीच्या बोटांत मुरली आहे. मी विचार केला, फ्रेंचांनी काय वाटेल ते करावं. माझ्या दादाच्या चांगल्या हातात, म्हणजे डाव्या हातात, सुरक्षित ब्रेक असला पाहिजे. म्हणजे मागचा. मी केबली अदलाबदल करून लावल्या. कुणाला विचारलंही नाही. दादाच्या जिवाची काळजी घेतली असंच मला वाटलं.

सांगली सपाट गाव. उतार असा शोधावा लागतो. कृष्णेच्या काठाकडं उतरणारा एक रस्ता मी निवडला. दुपारी तिथं फक्त म्हशी असतात. दादाचा हात मला हवा होता म्हणून मी चष्म्याच्या दोन जुन्या काड्या उजव्या हाताच्या मधल्या बोटांना चिकटपट्टीनं बांधल्या, म्हणजे ती मिटणार नाहीत. बायको खडू घेऊन रस्त्याच्या कडेला उभी.

"इथं रेघ आहे," ती म्हणाली. "रेघेवर आलात की दाबायचं. थांबाल तिथं मी खूण करते. म्हशीला धडकलात तर मात्र माझं नाव सांगायचं नाही."

पहिल्या जोडानं मी थांबलो. तिनं खूण केली. घरी जाऊन दुसरा जोड लावून आणला, तिनं खूण केली. तिसरा लावून आणला. तिन्ही खुणा जवळजवळ एकाच ठिकाणी. आणि तिन्ही रेघेपासून इतक्या लांब, की घाटाच्या वळणावर तेवढं अंतर म्हणजे कठड्यापलीकडे.

"सगळ्यांना सारखंच कसं?" बायकोनं विचारलं. "आणि ही रस्त्यावर काळी रेघ कसली उमटते दर वेळी?"

"टायर घासतोय मागचा," मी म्हणालो. त्याकडं मी लक्ष दिलं नाही.

लक्ष का दिलं नाही, ते इथं लिहितो. कारण उत्तर मला आवडलं होतं. तिन्ही ब्रेक वाईट. म्हणजे दादा घाट उतरणार नाही. म्हणजे तो वळणावर पडणार नाही. आई-वडील कधीच गेले, वहिनी गेली. माझ्या डोक्यावर हात ठेवेल असं एकच माणूस उरलं आहे. मला सायकल नको होती, मला दादा हवा होता. ओट्यावर बसलेला का होईना. मी त्या संध्याकाळी फोन केला आणि आवाज जमेल तेवढा पडका करून सांगितलं, "दादा, तिन्ही तपासले. फरक नाही काही. एकही धरत नाही."

"बरं," दादा म्हणाला. "मग बघू."

फोन ठेवला तेव्हा बायको माझ्याकडं बघत होती.

"काय झालं?"

"तुम्ही दुःखाची बातमी दिलीत," ती म्हणाली, "पण सूर आनंदाचा होता."



पुढच्या रविवारी दादा सायकल न्यायला सांगलीला आला. फेटा नाही, टोपी नाही, फौजेतला तो तपकिरी स्वेटर. म्हणाला, "आलोच हाय तर डोळं बी बघ. पेपर लांब धरावा लागतुया." मी त्याला खुर्चीवर बसवलं, जाड चौकट नाकावर चढवली आणि डाव्या डोळ्यावर काळी चकती टाकली.

"आता वाच."

वाचून झालं. मी भिंग बदललं. "आता बरं, की मघाशी?"

"मघाशी."

चकती काढून दुसऱ्या डोळ्यावर टाकली. दादा एकदम म्हणाला, "दोनी डोळं उघडं ठिवून का न्हाई इचारत रं?"

"तसं चालत नाही दादा. एक डोळा अधू असला की चांगला डोळा त्याचं काम झाकून टाकतो. दोन्ही उघडे ठेवले तर कुठल्याला काय दिसतंय ते कळतच नाही. म्हणून एकेक झाकायचा."

"आन् बिरेक बघताना झाकलास व्हय?"

"काय झाकायचं?"

"एक हात, गड्या! दोनी बिरेक एकदम दाबलंस न्हवं? मग कुठल्या चाकानं थांबलास त्ये तुला काय कळलं?"

मी भिंग खाली ठेवलं. रस्त्यावरची काळी रेघ माझ्या डोळ्यांपुढं आली. तीन वेळा उमटलेली, तिन्ही वेळा सारखी. डाव्या चांगल्या हातानं मी मागचं चाक पुरतं जाम करत होतो आणि ते घसरत होतं. घसरणाऱ्या टायरला ब्रेक कुठला आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं. म्हणून तिन्ही सारखे. आणि खरं काम करणारं पुढचं चाक मी अधू हातात दिलं होतं. मी तीन ब्रेक तपासलेच नव्हते. मी एकच टायर तीन वेळा तपासला होता.

"अहो, दादांच्या नाकावरची चौकट तरी काढा," बायको म्हणाली. "गाढवासारखी झापडं लावून बसवलंय त्यांना."

"ऱ्हाऊ द्या बाई," दादा म्हणाला. माझ्या बायकोला तो गाण्याची बाई म्हणून बाईच म्हणतो. "भाऊ माझा आत्ता कुठं बघाय लागलाय."

दुकान बंद करून आम्ही तिघं नदीच्या रस्त्यावर गेलो. जाण्याआधी दादानं सायकलला हात घातला, दोन्ही लिव्हर दाबून बघितले आणि वाकून केबली बघितल्या.

"ह्ये कुणी केलं?"

"मी. पुढचा उजव्या हाताला घेतला. आपल्याकडं असतो तसा. तुमच्या डाव्या हातात मागचा यावा म्हणून."

घाबरलो की मी दादाला तुम्ही म्हणतो.

"आरं, पाँडिचेरीस्नं आली तवापासून पुढचा डावीकडंच हुता. मला वाटायचं फ्रेंच मास्तर डावखुरा आसंल." त्यानं डाव्या हाताची मूठ उघडली, मिटली. धडधाकट, उसाची मोळी बांधणारी मूठ. "ह्यो हात मोकळा सोडून मी आजवर भ्यालो कुणाला रं? पुढचा दाबू नगं, पुढचा दाबू नगं. आपल्या आबांनी सांगितल्यालं. आबांनी कवा घाट उतारला हुता?"

म्हणजे चूक माझ्या एकट्याची नव्हती. फ्रेंच मास्तरानं ब्रेक नेमका दादाच्या चांगल्या हातात देऊन ठेवला होता आणि दादा इतकी वर्षं आबांच्या धाकानं तो दाबतच नव्हता. उजव्या दुबळ्या हातानं मागचं चाक कसंबसं धरायचं आणि घाबरून टेम्पोत बसायचं. मी तर त्यावर कडी केली होती. ती चांगली मांडणीच उपटून टाकली होती.

मी रस्त्यावरच बसून केबली पूर्ववत केल्या.

मग खरी तपासणी झाली. मागच्या चाकावर झाकण, म्हणजे उजवा हात हँडलवर मोकळा. फक्त पुढचा ब्रेक, फक्त डावा हात, आणि अंग मागं रेललेलं, म्हणजे पालथं पडायला नको. आधी मी गेलो, कारण मला दादाला पाठवायचं धाडस होईना. बायको रेघेपाशी. पहिला जोड, बाजूनं ओढणारा. रेघेवर दाबला आणि सायकल थांबली, त्या दिवशीच्या खुणेच्या बरीच अलीकडं. पण एक रबर आधी टेकत होतं आणि दुसरं नंतर, हँडलला एक बारीक हिसका बसत होता. सोडल्यावर चिमटा आळसानं परत जायचा, झोपेतून उठवल्यासारखा.

"आता बरं की मघाशी?" बायकोनं ओरडून विचारलं.

"आता!" मी ओरडलो. माझ्या धंद्यात इतक्या मोठ्यानं मी कधी ओरडलो नव्हतो.

तिसरा, लांब हातांचा, दादानं स्वतः चालवला. थांबवायची ताकद भरपूर. पण लिव्हर दाबताना मध्ये मऊ जागा लागायची. ब्रेकचे ते लांब हात आधी बाहेर वाकायचे आणि मग रबर धरायचं. दादा म्हणाला, "धरतोय. पन इचार करून धरतोय. घाटात इचाराला येळ नसतोय."

शेवटी दुसरा. मधून ओढणारा, आखूड हातांचा. जो पाँडिचेरीपासून सायकलवर लावलेला होता तोच. दादा उतारावरून आला, रेघेवर डावी मूठ मिटली आणि असा एक आवाज झाला की काठावरच्या म्हशींनी माना वर केल्या. ती किंचाळी होती, दुसरा शब्द नाही. आणि सायकल जागच्या जागी उभी. बायकोची खूण रेघेला जवळजवळ चिकटली. दादानं परत वर जाऊन हळू दाबला, अर्धा दाबला, सोडला, पुन्हा दाबला. जेवढं बोट मिटेल तेवढाच ब्रेक. ना कमी, ना जास्त.

दादा सायकलवरून उतरला नाही. एक पाय टेकून तसाच उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते फौजेत त्याला पदक मिळालं तेव्हाही मी बघितलं नव्हतं.

"पन वराडतोय लय," तो म्हणाला.

"पेटीतली काळी चार," बायको म्हणाली. "जरा चढी. याची जवारी काढायला हवी." मिरजेत तंबोऱ्याच्या घोडीला कानस मारून स्वर मोकळा करतात, ते तिच्या रोजच्या बघण्यातलं. रबरालाही तसंच असतं. ते किंचित तिरपं घासलं, की त्याचं पुढचं टोक रिमला आधी टेकतं आणि किंचाळी बंद होते. मी खिशातून कानस काढलीच होती.

दादानं हात आडवा केला. "नगं. वराडू दे. घाटात घंटी वाजवायला मला बोटं कुठं हायती? ह्योच माझा हारन."

तो रविवार थंडीत आला. आम्ही दोघं आदल्या दिवशीच साताऱ्याला गेलो. मी वर सायकल नेली नाही. खरं सांगायचं तर मला त्या घाटाची भीती वाटते, दोन्ही हात धडधाकट असून. मी टेम्पोत बसलो. रिवाजाप्रमाणे सगळ्यांचे स्वेटर माझ्या मांडीवर आले. शेजारी बायको.

वर पठारावर गार वारा होता. पिठलं-भाकरी झाली. मंडळी सायकली वळवायला लागली, तसा निवृत्त कंडक्टर म्हणाला, "सुभेदार, चला, टेम्पोत बसून घ्या. पुढं जागा आहे."

"टेम्पोत माझा भाऊ बसलाय," दादा म्हणाला. "औंदा लाँड्री त्याच्याकडं."

डॉक्टर त्याच्या हाताकडं बघायला लागले. दादा माझ्याकडं आला, वाऱ्यासाठी पुन्हा चढवलेला तपकिरी स्वेटर काढून माझ्या मांडीवरच्या ढिगावर टाकला. तेव्हा मला राहवलं नाही.

"दादा, मी त्या दिवशी फोनवर खोटं बोललो. म्हणजे रस्त्यावरच्या खुणा खोट्या नव्हत्या. पण मला ते ब्रेक लागायलाच नको होते. तू उतरू नयेस असं वाटत होतं. अजूनही वाटतंय."

"म्हाईत हाय," दादा म्हणाला. "तुझा आवाज फोनवर लय ग्वाड आला हुता. मरणाची बातमी आन् गुळाचा आवाज."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो की. खुर्चीत बसून. डोळं तपासाय आलोय म्हणालो, मला काय दिसत न्हवतं व्हय?" त्यानं ताठ बोटांनी माझ्या डोक्यावर एक टपली मारली. ती दोन बोटं मिटत नाहीत, त्यामुळे टपली जोरात लागते. "स्वेटर नीट धर. चुरगाळू नगं."

आणि तो निघाला.

टेम्पो मागं होता, पण पहिल्या वळणानंतर दादा दिसेनासा झाला. खाली सातारा पसरलेला, पलीकडं अजिंक्यतारा. मी खिडकीतून मान बाहेर काढून बसलो. काही दिसत नव्हतं. मग खालून ती किंचाळी आली. काळी चार, जरा चढी. थांबली. पुन्हा, आणखी खालून. बायको डोळे मिटून ऐकत होती.

"अर्धा दाबला," ती म्हणाली. "सोडला. आता पूर्ण. वळण आलं असणार."

"पडला तर कळेल का?"

"पडलेल्याचा ब्रेक वाजत नाही. वाजतोय. ऐका की!"

मग मी ऐकत राहिलो. प्रत्येक वळणाला ती किंचाळी येत होती आणि प्रत्येक वळणाला माझ्या छातीवरचं काहीतरी उतरत होतं. एका वळणावर आम्हाला कंडक्टर दिसला, कडेला थांबून धापा टाकत. "गेला!" तो हात वर करून ओरडला. "आवाज देत गेला! आम्ही सगळे बाजूला झालो!"

आम्ही खाली पोचलो तेव्हा टपरीसमोर गर्दी होती. दादाची सायकल बाकड्याला टेकवलेली, पुढचं चाक चहाच्या भट्टीपासून हातभर लांब. तिथंच थांबवली म्हणे, मुद्दाम, टपरीवाला भिऊन बाजूला पळाला तरी. दादाच्या एका हातात चहाचा ग्लास, दुसरा हात डॉक्टरांच्या हातात; डॉक्टर त्याची डावी मूठ उघडून बघत होते, जणू त्यात काही लपवलं आहे.

"डावा दाबला?" डॉक्टर विचारत होते. "पुढचा? आणि पालथे पडला नाहीत?"

"अंग मागं न्यायचं, डॉक्टर. आबांनी तेवढं सांगितलं न्हवतं."

मी टेम्पोतून उतरलो. सगळे माझ्याकडं वळले.

"लाँड्रीवालं आलं!" दादानंच आरोळी ठोकली. त्याच्याइतक्या मोठ्यानं कुणी ओरडलं नाही.

मी वाटायला लागलो. निळा, राखाडी, लोकरीचा हातानं विणलेला. तपकिरी हातात घेतला आणि दादापुढं धरला. त्यानं तो घेतला नाही. ग्लास खाली ठेवला, सायकल वळवली आणि टांग टाकली.

"दादा, कुठं?"

"वर. येकदा उतारलो त्ये कुणाला खरं वाटंल? परत येतो. चहा सांगून ठेव."

तो चढाला लागला. आम्ही बाकड्यावर बसलो. मंडळींनी पैजा लावायचं ठरवलं आणि मग लावायच्या विसरून सगळे नुसतेच घाटाकडं कान लावून बसले. मास्तर, कंडक्टर, डॉक्टर, टपरीवाला, माझी बायको. बराच वेळ काहीच नाही. मांडीवरचे उरलेले स्वेटर मी घट्ट धरून ठेवले होते.

मग वरच्या वळणामागून ती किंचाळी आली, सगळ्या घाटाला ऐकू जाईल अशी.

मी उठून उभा राहिलो आणि सगळे स्वेटर धुळीत पडले.